बावन्न घुंगरांची चप्पल

चपलेच्या एका जोडाला मी बावन्न घुंगरं लावली होती. ही गोष्ट मी लपवत नाही. दुकानात नवीन माणूस आला आणि बोलण्यातून बोलणं निघालं की आपणहून सांगते. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडं बघतो आणि विचारतो, खरंच का? खरंच. सव्वीस डाव्या पायाला, सव्वीस उजव्या. वर चांदीच्या चांदण्या, लाल मखमल, जरीचा काठ आणि दोन मोर. मोर माझ्या डोक्यातून निघाले होते, त्याबद्दल दुसऱ्या कुणाला दोष देऊ नये.

भिंगारच्या जुन्या बाजारात आमचं चपलांचं दुकान आहे. आम्ही चांभार. पणजोबा लष्करातल्या घोड्यांची खोगिरं शिवायचे, आजोबांनी साहेबलोकांचे बूट शिवले आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, जे येईल ते शिवलं. मी त्यांची एकुलती एक. लग्न झालं तरी सासर नगरातच, त्यामुळं दुकान सुटलं नाही. सकाळी घरचं आवरायचं, रिक्षा धरायची आणि आप्पांच्या शेजारी येऊन बसायचं, असं अठरा वर्षं चाललं होतं.

आप्पांची एक खूण आहे. जोड पुरा झाला की पट्ट्याच्या आतल्या अंगाला, जिथं घालणाऱ्याचा पाय टेकतो तिथं, ते मेण लावलेल्या दोऱ्याचे तीन आडवे टाके घालतात. बाहेरून ते कुणाला दिसत नाहीत. दुरुस्तीला चप्पल आली की आप्पा ती वरून बघत नाहीत, आत बोट घालतात आणि लगेच सांगतात, आपली आहे की परक्या दुकानची. ज्या जोडाला आम्हा दोघांचा हात लागलेला असायचा, त्याला ते तीन टाके पडायचे. पण मी एकटीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेला जोड त्यांच्यापुढं ठेवला की ते तो चाचपायचे, "ठीक हाय" म्हणायचे आणि तसाच फळीवर ठेवून द्यायचे. अठरा वर्षांत माझ्या एकटीच्या एकाही कामाला ती खूण पडली नव्हती. मला ते तीन टाके हवे होते, आणि ते मागायचे नाहीत एवढा ताठा माझ्यात होता.

मुकादम आला तो ऊसतोडीचा सीझन संपल्यावर, होळीच्या सुमाराला. तिसगावच्या बाजूचा माणूस. दरसाल दिवाळीनंतर तोडणीच्या टोळ्या घेऊन कारखान्यावर जायचा. लहानपणी आईबापाबरोबर ऊस तोडलेला, मग स्वतः तोडलेला, आणि आता टोळ्यांचा मुकादम. दुकानात शिरला तेव्हा आधी त्याचा चष्माच दिसला. सोनेरी काड्या, कानाच्या मागं वळलेल्या टोकांना नागाचे फणे. मोबाईलचं कव्हर सोनेरी. कमरेच्या पट्ट्याला तळहाताएवढा वाघाचा जबडा. बसल्याबसल्या त्यानं खिशातून कंगवा काढला, तोही चांदीचा, आणि डोक्यावर उरलेल्या चार केसांवरून मोठ्या मानानं फिरवला.

"डोक्यापासनं कमरंपत्तूर झालंय ताई," तो म्हणाला. "पायच तेवढे ऱ्हायलेत. पोरीचं लगीन हाय वैशाखात. अशी चप्पल करा का बगनारा बगतच ऱ्हायला पायजे. चांदी मी देतो. घुंगराची एक रांग बी लावा."

मला हसू आलं नाही. आमच्या दुकानात कॅम्पातल्या बंगल्यांतल्या बायकाही येतात. त्यांना मातीच्या रंगाची, एकही टाका न दिसणारी चप्पल लागते, आणि ती शिवायला चौपट वेळ जातो. त्याला आवड म्हणायचं आणि वाघाच्या जबड्याला भपका, हे मला कधीच पटलेलं नाही. ज्याला आयुष्यभर कुणी बघितलं नाही, त्याला एक दिवस दिसावंसं वाटलं तर त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? शिवाय मला संधी दिसत होती. रोजच्या चपलांना खूण पडत नाही, तर असा जोड करून दाखवीन की आप्पांचा हात आपोआप सुईकडं जाईल, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

मी चष्मा आणि कंगवा बघत होते. आप्पांचे डोळे आता अधू झालेत, त्यांना चकाकणारं फारसं काही दिसत नाही. ते मुकादमाच्या बुटांचा आवाज ऐकत होते.

"टाच दाबून का चालतो रं?" त्यांनी विचारलं. "बूट काढ."

तेवढा तालेवार माणूस, पण पाय बाकाखाली ओढून घेऊ लागला. आप्पांनी हात पुढं करून त्याचा उजवा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. तो गडबडून गेला.

"बाबा, तुमी वडीलधारं मानूस. पायाला हात नका लावू."

"माझं कामच पायाचं हाय," आप्पा म्हणाले.

त्या पायावर बोटांच्या मुळापासून घोट्यापर्यंत जुना वार होता. करंगळी शेजारच्या बोटावर चढून तशीच बसली होती. बारा वर्षांचा असताना फडात कोयता लागला होता, असं त्यानं एका वाक्यात सांगितलं आणि विषय बदलला. कुठलाही बूट, कुठलीही चप्पल त्या करंगळीला लागायची, म्हणून तो टाच दाबून, पाय अर्धा बाहेर ठेवून चालायचा. आप्पांनी कागदावर मापं काढून घेतली, मग कागद बाजूला ठेवला आणि नुसत्या बोटांनी तो पाय पुन्हा पहिल्यापासून मापला. त्याला बराच वेळ लागला.

जोड मात्र मी करायचा असं ठरलं. आप्पांना आता बारीक काम दिसत नाही. ते शेजारी बसून फक्त सांगणार.

आणि सांगितलं ते असं की माझा जीव मेटाकुटीला आला. करंगळी बसायला तळाच्या चामड्यात खळगा करायचा होता. मी ते चामडं भिजवलं, ठोकलं, खरवडलं आणि आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "अजून." पुन्हा केला. "अजून." तिसऱ्यांदा त्यांना कड टोचली. त्यांना म्हणजे त्यांच्या बोटाला, पायाला अजून कुणाच्याच नाही. चौथ्या वेळी माझं डोकं फिरलं.

"तो खळगा कुणाला दिसणार आहे, आप्पा? लोक वरचं बघणार आहेत."

आप्पांनी ऐकून घेतलं. चामडं माझ्यापुढं सरकवलं. मी रागारागात पुन्हा बसले आणि त्या वेळी तो खळगा नीट उतरला. पट्ट्याची पुढची शिवणही त्यांनी मला करंगळीपासून दोन बोटं लांब घ्यायला लावली, त्यामुळं पट्टा तिरका आला. तिरका पट्टा झाकायला म्हणूनच मला मोर सुचला. चांदीची तार चामड्यात ओवून मी प्रत्येक पट्ट्यावर एकेक मोर भरला, पिसारा खाली सोडलेला. घुंगराची एक रांग लावून झाल्यावर ती मला फार किरकोळ वाटली, म्हणून मी आणखी एक लावली.

"त्यानं एक रांग सांगितली हुती," आप्पा म्हणाले.

"एक रांग कुणीही लावील."

जोड पुरा झाला तेव्हा मी तो कोरड्या फडक्यानं पुसला आणि आप्पांच्या मांडीवर ठेवला. सुई-दोरा मुद्दाम हाताशी ठेवला होता. त्यांनी आधी आतून बोटं फिरवली, मग बाहेरून. मोरावर बोट थांबलं, पिसाऱ्यावरून खाली आलं, घुंगरं हलली.

"ठीक हाय," ते म्हणाले.

त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. घरी नवऱ्यावरही चिडले, ज्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

मुकादम जोड न्यायला आला तो लग्नाची पत्रिका घेऊनच. चपला पायात घालून तो दुकानात दोन फेऱ्या चालला आणि बाजारातली माणसं दाराशी येऊन वाकून बघू लागली. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो बघून माझा राग निम्मा उतरला. त्यानं आप्पांना नमस्कार केला, मला म्हणाला, "ताई, दोघं बी यायचं. तुमी न्हाई आल्या तर चपला कुनी केल्या ते मी कुनाला दाखवू?"

आम्ही गेलो. भिंगारहून पाथर्डीची एसटी धरली आणि तिसगावच्या अलीकडं लॉनवर उतरलो. मी नवी पैठणी नेसले होते, आणि मनातून त्या मांडवात नवरीनंतर मीच महत्त्वाची आहे अशा थाटात शिरले.

आणि तिथं माझ्या लक्षात आलं की मी आणि मुकादम, आम्ही दोघांनी मिळून किती मोठा वेडेपणा केला होता. नवरीचा बाप लग्नाच्या दिवशी चप्पल घालतो कधी? सकाळी देवक, मग पाटावर बसणं, मग जावयाचे पाय धुणं, मग कन्यादान. भटजींनी त्याला सकाळपासून उठू दिलं नव्हतं. जिथं म्हणून मान आहे तिथं आपल्याकडं चप्पल बाहेर काढावी लागते, हे आम्हा दोघांपैकी एकालाही महिनाभर सुचलं नव्हतं. मी तर चपलांचं दुकान चालवते. सोनेरी चष्मा, कंगवा, वाघाचा जबडा, सगळं मांडवात मिरवत होतं आणि आमचा मुकादम जावयापुढं अनवाणी बसला होता.

चपला मात्र त्यानं अशाच टाकल्या नव्हत्या. स्टेजच्या पायरीशी एक खुर्ची ठेवून तिच्यावर लाल कापड घातलं होतं आणि त्यावर जोड मांडला होता. पाहुण्यांना खुर्च्या कमी पडत होत्या, तरी त्या खुर्चीला कुणी हात लावत नव्हतं. लोक मोबाईलवर फोटो काढत होते. मी पदर सावरून जवळच उभी राहिले, म्हणजे कुणी काय म्हणतंय ते ऐकू यावं. एक म्हातारी सावकाश चालत आली. तिनं चांदी बघितली, मोर बघितले, लाल कापड बघितलं.

"कोन्या देवाच्या पादुका हायेत गं बाई?" तिनं शेजारणीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हातातल्या कुयरीतून हळद-कुंकू काढून दोन्ही चपलांवर वाहिलं. तिच्या मागच्या बाईनं तसंच केलं. मग काय, जेवणाची पंगत बसेपर्यंत येणारीजाणारी त्या खुर्चीपुढं हात जोडून जात होती. माझ्या मोरांच्या डोक्यावर अक्षता पडल्या. मी आप्पांच्या कानात हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला आणि कुणीतरी पाणी आणून दिलं. मला सांगायला लाज वाटत नाही, मला त्याचा अभिमानच वाटला. माझ्या हातच्या चपलेला देवाच्या मानानं हळद-कुंकू लागलं, असं म्हणणारी बाई अख्ख्या भिंगारात दुसरी सापडायची नाही.

पाठवणी दुपारी झाली. मुकादमानं स्टेजवरून उतरून चपलांवरचं कुंकू झटकलं आणि चपला पायात घातल्या. आता दिवसभरात पहिल्यांदा त्याला त्या घालून चालायचं होतं, स्टेजपासून फाटकातल्या गाडीपर्यंत. डीजे बंद झाला होता. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती, बायका डोळे पुसत होत्या, आणि त्या सगळ्या शांततेत मुकादमाच्या पायातली बावन्न घुंगरं वाजू लागली.

छुम, छुम, छुम. प्रत्येक पावलाला. एक पोरगी फिसकन हसली, तिच्या आईनं तिला चिमटा काढला. मग आणखी दोघं तोंडावर रुमाल धरून वळले. मुकादमानं पाय हळू टाकायचा प्रयत्न केला तर घुंगरं जास्तच वेळ वाजत राहिली. एकच रांग असती तर इतकी वाजली नसती, हे मला त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं कधी कळलं नव्हतं. नवरी गाडीत बसली. गाडी हलली, तसा तो तिच्या मागं चार पावलं चालला, थांबला, वाकला आणि दोन्ही चपला काढून त्यानं छातीशी धरल्या. वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या मुरुमावर, तो रस्त्यापर्यंत अनवाणी गेला.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले.  आप्पा म्हणाले, "दुसरी रांग तुझी हुती."

"माहीत आहे मला."

करंजी घाटात गाडी वळणं घेत होती. "पन टाकून न्हाई दिल्या त्यानं," ते पुढं म्हणाले. "छातीशी धरल्या."

मला त्याचा काही दिलासा वाटला नाही. मी पुढचं वर्षभर साध्या चपला शिवल्या. घुंगराचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. केलेला प्रत्येक जोड आप्पांपुढं ठेवला आणि प्रत्येक वेळी "ठीक हाय" ऐकलं. मुकादमाचा निरोप आला नाही, तो स्वतःही आला नाही. कुणी त्या चपलेचं विचारलंच तर तेव्हा मी सांगत नसे.

पुढच्या होळीला, सीझन संपल्यावर, एक माणूस दुकानात आला आणि बाकावर बसला. काही वाजलं नाही, म्हणून मी मान वर केली नाही. मग माझी नजर जमिनीवर गेली आणि मोर दिसला.

चपला चिखलाच्या रंगाच्या झाल्या होत्या. मखमल गेली होती, जरीचा काठ गेला होता. चांदण्यांची नुसती भोकं राहिली होती. घुंगरं एकही नव्हती, पण ती तुटलेली नव्हती, कुणीतरी नीट कापून काढलेली दिसत होती. फक्त दोन्ही मोर जागच्या जागी होते.

"पट्टा ढिला झालाय ताई," मुकादम म्हणाला. "तेवडा शिवून द्या. अख्खा सीझन हीच घातली. फडात बी हीच. दुसरं काय पायात घालवंनाच." मग आप्पांकडं वळून हळू म्हणाला, "बाबा, आपल्याला पाय हाय हे मी इसरून गेल्तो बगा. दुखायचा तवाच त्याची आठवन व्हायची."

मला विचारल्याशिवाय राहवेना. "घुंगरं?"

"लेकीनं नेली." त्यानं चष्मा काढून पुसला. "मला वाटलं माझं हसं झालं, म्हनून म्या चपला काढून हातात धरल्या. ती म्हनती, दादा, मी गाडीत बसून तोच आवाज ऐकत हुते. मागनं वाजतंय तवर तुमी येताय असं वाटत हुतं. बंद झाला आन मग मला लई रडू आलं. मग घुंगरं कापली आन तिलाच दिली सगळी. बावन्न हायेत, तिनं मोजली."

मी चप्पल हातात घेतली आणि कामाला लागल्यासारखं केलं, कारण डोळे भरून आले होते आणि गिऱ्हाइकापुढं रडायची मला सवय नाही.

"दे इकडं," आप्पा म्हणाले.

त्यांनी चप्पल उलटी केली आणि तळावरून अंगठा फिरवला. टाचेला, मध्ये, चवड्याला. तळ सगळीकडं सारखा झिजला होता. मग बोटं आत गेली, खळग्यात थांबली. तो अजून जिथल्या तिथं होता, करंगळीच्या घामानं काळा आणि गुळगुळीत झालेला. आप्पांनी माझ्याकडं हात केला. "सुई-दोरा."

मी दोऱ्याला मेण लावलं, सुई ओवून दिली.  अठरा वर्षांवर आणखी एक वर्ष, आणि आता ते तीन टाके पडणार होते. आप्पांनी सुई घेतली, चिमटीत फिरवली आणि परत माझ्याच हातात दिली.

"घाल तुझी खूण."

मला कळेना. "माझी कुठली? आप्पा, तुमचे तीन टाके."

"माझे कशाला? जोड तुझा हाय. ज्याला माझा हात लागला त्याला मी खूण घातली. तुझ्या एकटीच्या कामावर माझी खूण कशी घालू? ती चोरी झाली."

"मग अठरा वर्षं बोलला का नाहीत?"

"तू इचारलं का कधी?" आप्पा म्हणाले. "मला वाटायचं, आज घालील, उद्या घालील."

मुकादम एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मला आप्पांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्या सगळ्याच्या खाली अभिमानही वाटत होता. मी पट्टा आत वळवला. आधी तीन आडवे टाके घातले, कारण हाताला दुसरं काही येतच नव्हतं. मग थांबले आणि त्यांच्यावरून एक उभा टाका घेतला. ढिला पट्टा घट्ट केला, दोऱ्याला गाठ मारली, दोरा तोडला.

"मोर ऱ्हाऊ द्या बरं ताई," मुकादम म्हणाला. "तेवडा ऱ्हाऊ द्या."

"वाकडा हाय तो," आप्पा म्हणाले. "पन बसलाय घट्ट."

मग त्यांनी चप्पल माझ्याकडून घेतली, आत बोट घातलं आणि एकेक टाका मोजला. "चार," ते म्हणाले, आणि वाकून चप्पल मुकादमाच्या पायापुढं ठेवली.